चौकशीचा अर्ज आणि उत्तराची जबाबदारी

(जांब समर्थ, जिल्हा जालना येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे प्रतिनिधी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समर्थ रामदासांच्या जन्मगावी बोलावयास उभे राहताना कोणाच्याही मनात थोडा संकोच असणारच. शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी या गावात जन्मलेल्या या सत्पुरुषाच्या वाङ्मयात परमार्थाच्या जोडीने व्यवहाराचाही बारकाईने विचार केलेला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, पानाच्या कडेला जागा कशी सोडावी, ग्रंथाच्या आरंभापासून अखेरपर्यंत हात बदलल्याचे कसे जाणवू नये, इतक्या बारीकसारीक गोष्टी तेथे सांगितल्या आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी मला एकच सूत्र दिसते. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याची सोय आधी पाहावी, हे ते सूत्र होय.

माझा आजचा विषय ऐकावयास अगदी नवा आणि थोडासा तांत्रिक आहे. व्यवसायाच्या संकेतस्थळावर 'संपर्क साधा' असे लिहून खाली काही चौकटी दिलेल्या असतात. नाव लिहा, फोन लिहा, काय हवे ते लिहा आणि पाठवा. लोक त्याला सरळ 'फॉर्म' म्हणतात. मी त्याला चौकशीचा अर्ज म्हणणार आहे. या चौकटींतून गिऱ्हाईक कसे मिळते आणि पुष्कळदा हाताशी आलेले गिऱ्हाईक कसे निसटते, याविषयी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. समर्थांचे ते सूत्र आपणांस वाटेत पुन्हा भेटेल.

माझ्याच हातून झालेली चूक

आरंभ माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी याच भागातील एका बचत गटाच्या भगिनी तूरडाळ आणि पापड यांचा व्यवसाय करीत होत्या. माल चोख होता, परंतु विक्री आठवडे बाजाराच्या पलीकडे जात नव्हती. मी उत्साहाने पुढाकार घेतला. ओळखीच्या एका महाविद्यालयीन तरुणाकडून त्यांच्यासाठी छोटेसे संकेतस्थळ करून घेतले. त्यावर छायाचित्रे आली, भाव आले आणि शेवटी चौकशीचा अर्जही आला. आम्ही सर्वांनी समाधानाने चहा घेतला आणि आपापल्या कामाला लागलो.

चार महिने गेले. एके दिवशी गटाच्या अध्यक्षा मला म्हणाल्या, "साहेब, त्या पानावरून एकानेही विचारले नाही. आपली डाळ शहरातल्या लोकांना पसंत नसेल." मला चुटपुट लागली म्हणून मी शोध घेतला. अर्ज भरले की ते एका ईमेल खात्यात जाऊन पडत होते. ते खाते त्या तरुणाने स्वतः उघडलेले होते. तो नोकरीसाठी पुण्यास निघून गेला होता आणि परवलीचा शब्द त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हता. खाते उघडले तेव्हा त्यात सतरा चौकशा पडलेल्या होत्या. त्यांत एक छत्रपती संभाजीनगरच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकाची होती. दरमहा दीड क्विंटल डाळ वर्षभर देऊ शकाल काय, अशी त्यांची विचारणा होती. उत्तर न आल्याने त्यांनी दहा दिवसांनी पुन्हा अर्ज भरला होता. दुसऱ्या अर्जात शेवटी त्यांनी लिहिले होते, "नाही म्हणायचे असेल तरी कळवावे."

मित्रहो, डाळ नापसंत नव्हती. दार वाजत होते आणि घरात ऐकणारे कोणी नव्हते. त्या चार महिन्यांत त्या भगिनींनी स्वतःच्या मालाविषयीच शंका घेतली, याचे मला आजही वाईट वाटते. दोष त्या तरुणाचा नाही. अर्ज कोठे जातो आणि तो कोण वाचणार, हा प्रश्न मी विचारावयास हवा होता. तो मी विचारला नाही.

ही रीत जुनी आहे

दूरच्या गिऱ्हाइकाने लिहून विचारावे आणि व्यापाऱ्याने लिहून उत्तर द्यावे, ही रीत काही संगणकाबरोबर आलेली नाही. १८७९ साली आपल्या देशात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि सामान्य माणसाला दूरवर विचारणा करणे परवडू लागले. उत्तराचे कार्ड जोडलेले जोडकार्ड आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. वर्तमानपत्रातील जाहिरातीच्या कोपऱ्यात तुटक रेषांनी आखलेले कुपन असे. ते कापून, नाव-पत्ता लिहून पाठविले की घरी माहितीपत्रक येई. आजच्या संकेतस्थळावरील चौकटी या त्या कुपनाच्याच नव्या पिढीतील आहेत.

या संदर्भात किर्लोस्करांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी भीती शेतकऱ्यांमध्ये होती. नांगर कितीही उत्तम असला तरी ही शंका ऐकून घेऊन तिचे निरसन केल्यावाचून तो शेतात जाणार नव्हता. १९१० साली किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. पुढे ते महाराष्ट्राचे एक मान्यवर मासिक झाले. परंतु त्याचा आरंभ कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत नेण्यासाठी झालेला होता. माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये संवादाचा पूल बांधावा लागतो, हे त्या उद्योजकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्यानंतर पोस्टाला लागणारे दिवस संपले आणि विचारणा क्षणात पोहोचू लागली. उत्तर देण्याचे काम मात्र तेव्हाही माणसाचे होते आणि आजही माणसाचेच आहे.

फोन असताना अर्ज कशाला?

हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो आणि तो रास्त आहे. पानावर फोन क्रमांक अवश्य द्यावा. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे किंवा ज्याला आवाज ऐकल्यावाचून विश्वास वाटत नाही, तो फोनच करील. परंतु फोनला दोन्हीकडची माणसे एकाच वेळी मोकळी असावी लागतात. आपण बागेत पाणी देत असता आणि तिकडे मुंबईचा दुकानदार त्याच्या सोयीच्या वेळी फोन लावीत असतो. अर्ज मात्र रात्री अकरालाही भरता येतो. शिवाय तो लेखी असतो. किती माल मागितला होता याविषयी पुढे वाद उरत नाही. तो मोजता येतो, दुसऱ्याच्या हाती सोपविता येतो आणि वर्षअखेर पुढ्यात मांडून कोणत्या महिन्यात, कोठून, कशाची मागणी आली हे पाहता येते.

काय विचारावे?

अर्ज आखताना पुष्कळांना सगळेच विचारण्याचा मोह होतो. जन्मतारीख, व्यवसाय, संपूर्ण पत्ता, आमचे नाव कोठे ऐकले, असे एकामागून एक रकाने येतात. शासकीय नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यांना हा मोह अधिक होतो, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. परंतु येथे अर्जदार आपल्याकडे दाखला मागावयास आलेला नाही. तो आपला माल घ्यावयास आला आहे. प्रत्येक वाढीव रकान्यागणिक तो माघारी फिरण्याचा संभव वाढतो.

माझ्या अनुभवाने पाच गोष्टी पुरतात: नाव, फोन क्रमांक, पिनकोड, काय व किती हवे, आणि केव्हापर्यंत हवे. त्याखाली आणखी काही सांगावयाचे असल्यास एक मोकळी चौकट द्यावी, पण ती भरण्याची सक्ती नसावी.

यांपैकी पिनकोडाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकांची पद्धती केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारली. ते संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या अनेक भाषा यांतून होणारा घोटाळा तिने दूर केला. आपल्याच गावाचे पाहा. नुसते 'जांब' लिहिले तर नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्याचे जांबही पुढे येते. सहा अंक लिहिले की घोटाळा उरत नाही, आणि माल कोठे जावयाचा व वाहतुकीला साधारण काय लागेल याचा अंदाज उत्तर देणाऱ्याला तेथल्या तेथे येतो. एका छोट्या रकान्यात एवढी माहिती मिळते. चांगला प्रश्न असा असावा.

'किती' या रकान्याशेजारी परिमाण निवडण्याची सोय द्यावी. मोसंबीचे उदाहरण घेऊ. घरासाठी मागणारा किलोचा विचार करतो, फळविक्रेता क्रेटचा करतो आणि रस काढणारा कारखाना टनाचा करतो. नुसते 'पाच' एवढेच लिहून आले तर आपण काय समजावे?

आणखी एक अडचण आपल्या भाषेची आहे. पुष्कळ तयार अर्जांत फोन क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला की 'क्रमांक चुकीचा आहे' असा शेरा उमटतो. कोठे मराठी अक्षरांत लिहिलेले नावही स्वीकारले जात नाही. आपल्या मातृभाषेत शुद्ध लिहिणाऱ्या माणसाला यंत्राने चूक ठरवावे, यापरता अपमान नाही. अर्ज करून देणाऱ्यास स्पष्ट सांगावे की दोन्ही लिप्यांतील अंक आणि अक्षरे चालली पाहिजेत. ते करणे अवघड नाही. केवळ मागितले जात नाही म्हणून राहून जाते. सूचना मराठीत असाव्यात, अक्षर मोठे असावे आणि मोबाईलच्या लहान पडद्यावर अर्ज एका दृष्टिक्षेपात दिसावा. वाचणाऱ्याची सोय आधी पाहण्याचे समर्थांचे सूत्र येथे पुन्हा भेटते.

अर्ज जातो कोठे?

'पाठवा' हे बटण दाबले की मजकूर संकेतस्थळाच्या संगणकाकडे जातो. तेथून तो एखाद्या तक्त्यात नोंदला जातो, किंवा ईमेलने आपल्याकडे येतो, किंवा दोन्ही होते. दोन्ही होईल अशीच व्यवस्था ठेवावी. कारण यंत्राने पाठविलेले ईमेल पुष्कळदा नको असलेल्या टपालाच्या, म्हणजे स्पॅमच्या, कप्प्यात टाकले जाते आणि आपण म्हणतो की चौकशीच आली नाही. तक्त्यात मात्र नोंद राहिलेली असते.

आपल्यापैकी जे कार्यालयात काम करतात त्यांना आवक-जावक बारनिशी परिचित आहे. टपाल आले की क्रमांक पडतो, तारीख पडते, ते कोणाकडे दिले हे लिहिले जाते आणि उत्तर गेले की जावक क्रमांक पडतो. या साध्या वहीने आपला राज्यकारभार पिढ्यान् पिढ्या चालविला आहे. संकेतस्थळावरील चौकशीलाही अशीच बारनिशी हवी. वही कागदाची असो की संगणकातील तक्ता असो, त्यात चार रकाने असावेत: चौकशी केव्हा आली, कोणाकडे दिली, उत्तर केव्हा गेले आणि पुढे काय झाले. खाते संस्थेच्या नावाचे असावे, परवलीचा शब्द किमान दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा, आणि पदाधिकारी बदलले की शिक्क्याबरोबर तोही रीतसर सुपूर्त व्हावा.

महिन्यातून एकदा स्वतःच आपला अर्ज भरून पाहावा. आला तर ठीक, न आल्यास त्याच दिवशी दुरुस्ती करावी. माझ्या त्या भगिनींच्या बाबतीत हे दोन मिनिटांचे काम पहिल्याच आठवड्यात झाले असते तर मला आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पोच आणि उत्तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने नागरिकाला अर्जाची पोच, त्याचा विशिष्ट क्रमांक आणि सेवेची नियत कालमर्यादा यांचा हक्क दिला. या कायद्यामागचा विचार असा की अर्ज देणाऱ्याला अंधारात ठेवू नये. व्यवसायाला तो कायदा लागू नाही, परंतु तो विचार लागू आहे.

अर्ज पाठविताच पडद्यावर पोच दिसली पाहिजे. 'धन्यवाद' एवढाच शब्द पुरेसा नाही. 'आपली चौकशी मिळाली. उद्या सायंकाळी सहा वाजेपर्यंत आमच्याकडून फोन येईल,' असे निश्चित लिहावे. मात्र जे पाळता येईल तेच लिहावे. दोन दिवस लागत असतील तर दोन दिवस लिहावे.

आपल्या जालना जिल्ह्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाने फळ झाडावर थांबत नाही. आंबे बहराची फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून, तर मृग बहराची फळे हिवाळ्याच्या अखेरीपासून उतरू लागतात. ऐन हंगामात चार दिवसांचा उशीर म्हणजे फळगळ आणि भावाची घसरण होय. मग शेतकरी नाइलाजाने दारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला बाग उक्ती देऊन टाकतो. व्यापाऱ्याशी माझे वैर नाही, कारण तो जोखीम पत्करतो. परंतु ज्याच्याकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाची लेखी चौकशी आहे, तो शेतकरी त्याच सौद्याला अधिक ताठ मानेने बसतो. बहर संपल्यावर दिलेल्या उत्तराने हे बळ मिळत नाही. म्हणून हंगामात चौकशीची वही रोज सकाळी उघडली पाहिजे आणि हंगाम नसताना 'फळ अमुक महिन्यात येईल, तेव्हा कळवू का?' असे विचारून नाव जपून ठेवले पाहिजे.

आणि माल नसेल, परवडत नसेल, तेवढ्या लांब पाठविता येत नसेल, तर तसे स्वच्छ कळवावे. नकार हेदेखील उत्तर आहे. मौन हे उत्तर नव्हे.

सावधगिरी

दोन सावधगिरीच्या सूचना देतो. पहिली आपल्या कर्तव्याची. अर्जात आलेले नाव आणि क्रमांक ही दुसऱ्याची ठेव आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संसदेने मंजूर केला असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. त्याचा सारांश असा की माहिती कशासाठी घेतो ते सांगावे, संमती घ्यावी आणि कामापुरतीच माहिती घ्यावी. डाळीची चौकशी करणाऱ्याचा आधार क्रमांक मागण्याचे काहीच कारण नाही. आलेले क्रमांक दुसऱ्या कोणाला देऊ नयेत आणि सर्वांना दिसतील अशा समूहात तर मुळीच टाकू नयेत.

दुसरी सूचना आपल्या संरक्षणाची. दाराला घंटा लावली की भलतेही येतात. यंत्रांनी भरलेले निरर्थक अर्ज येतील, त्यांना अटकाव करण्याचे साधे उपाय उपलब्ध आहेत. खरा धोका गोड बोलणाऱ्याचा असतो. मोठी मागणी नोंदवून, प्रसंगी आपण सैन्यातील अधिकारी असल्याची बतावणी करून, 'पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे सांगणारे भामटे असतात. पैसे घेण्यासाठी स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठी लागतो, एवढे वाक्य प्रत्येक गटाने भिंतीवर लिहून ठेवावे. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

आपण काय करू शकतो?

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की निबंध आणि पत्रलेखन यांच्या जोडीला मुलांकडून एका चौकशीचे उत्तर लिहून घ्यावे. थोडक्यात, स्पष्ट आणि आदराने 'नाही' कसे म्हणावे, हे शिकण्यासारखे आहे. पंचायत सदस्यांनी गावातील गट आणि उत्पादक कंपन्या यांच्या पानांवरील अर्ज एकदा भरून पाहावेत आणि ते कोणाला मिळतात याची खात्री करावी. आम्हा अधिकाऱ्यांनी संकेतस्थळाचे उद्घाटन झाले म्हणजे काम संपले असे मानू नये. तीन महिन्यांनी वही मागून पाहावी.

त्या बचत गटाची हकिगत पुरी करून थांबतो. सतराही जणांना आम्ही विलंबाची क्षमा मागून उत्तरे लिहिली. पाच जणांनी प्रतिसाद दिला आणि दोघांनी डाळ घेतली. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी वर्षाचा पुरवठा दुसऱ्यास दिला होता. ते काम गेले ते गेलेच. त्यांच्या जेवणघरातील ती डाळ आमच्या भगिनींची असती, हा सल मनात आहे. परंतु आता त्या गटाकडे दोनशे पानी वही आहे. अध्यक्षांची सून दररोज सकाळी दहा वाजता अर्ज उघडून त्या वहीत उतरवून घेते. परवा मी गेलो तेव्हा वही चाळून पाहिली. प्रत्येक आवक नोंदीसमोर उत्तराची तारीख होती. काही ठिकाणी 'माल नाही, कळविले' असेही लिहिलेले होते. अक्षर सुबक होते आणि पहिल्या पानापासून अखेरच्या नोंदीपर्यंत एकसारखे होते.

 घरी गेल्यावर आपापला अर्ज एकदा भरून पाहावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो. जय महाराष्ट्र.